अमेरिकेत पोलीस रेकॉर्ड सील करायचंय? मग आधी कागद काढा

आपल्या लोकांत हा प्रश्न कधीच स्वतःचा नसतो, कायम "एका मित्राचं आहे" असाच सुरू होतो. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या लायनीत कोणीतरी हळूच बाजूला घेतं आणि विचारतं की शॉपलिफ्टिंगची केस होती, डिसमिस झाली, ते रेकॉर्ड पुसता येतं का. तर मित्रासाठीच लिहितोय समजा. येतं, बऱ्याच केसेसमधे येतं, आणि काही राज्यांत वकिलाशिवायही जमतं. फक्त एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात पक्की बसू द्या, नाहीतर बाकीचं वाचून काही उपयोग नाही. सील होतं, म्हणजे लोकांच्या नजरेआड बंद होतं, ते राज्याचं रेकॉर्ड. इमिग्रेशन हे फेडरल खातं, त्यांच्या लेखी तुमचं सीलबिल काही नसतं, त्यांना सगळं दिसतं आणि सगळं सांगावंही लागतं. म्हणजे नोकरी, घरभाडं, शाळेत व्हॉलंटियरिंग यासाठी सीलिंगचा मोठा फायदा आहे, पण ग्रीन कार्ड नाहीतर सिटिझनशिपसाठी घाईघाईत सील करून टाकणं म्हणजे स्वतःचेच कागद स्वतःच्या हाताने कपाटात कोंडून किल्ली कोर्टाला देऊन येणं.

मी वकील नाही, न्यू जर्सीत राहतो, आणि अशा "मित्रांचे" कागद बऱ्याचदा बघितलेत एवढंच. इथे लिहिलेलं वाचून वकिलाला योग्य प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ झालं.

आधी नक्की काय झालं होतं ते शोधा

लोकांना स्वतःची केस नीट माहीत नसते हे सगळ्यात कॉमन. "काही नाही हो, फाइन भरला आणि संपलं" म्हणतात आणि कागद काढला की कळतं की गिल्टी प्ली आहे, म्हणजे गुन्हा कबूल केलेला, किंवा उलटं, इतकी वर्षं घाबरून राहिले आणि केस तर कधीच डिसमिस झालेली. अटक, चार्ज आणि निकाल या तीन वेगवेगळ्या गोष्टी. हातात बेड्या पडल्या नसतील पण बोटांचे ठसे घेतले असतील तर रेकॉर्ड आहे असंच धरून चाला, मग केस पुढे गेली असो वा नसो.

एफबीआयकडून स्वतःचं रेकॉर्ड कोणालाही मागवता येतं, फी १८ डॉलर, ठसे द्यावे लागतात. ते मागवाच, कारण इमिग्रेशनवाले जवळपास तेच बघतात. शिवाय राज्याचं वेगळं मागवा. कॅलिफोर्नियात लाइव्ह स्कॅनला (मशीनवर) ठसे देऊन राज्याच्या जस्टिस डिपार्टमेंटकडून मिळतं, फी २५ डॉलर आणि ठसे घेणाऱ्याचे काय ते वेगळे. न्यूयॉर्कमधे दोन प्रकार असतात, एकात सील झालेलं सोडून बाकीचं येतं आणि दुसऱ्यात सील झालेल्यासकट सगळं. दुसरं मागवा. पहिलं बघून "माझ्यावर काहीच नाही" म्हणत खूश होणारे भेटलेत मला.

मग कोर्टात जाऊन सर्टिफाइड डिस्पोझिशन घ्या, अर्ज करायच्या आधी

आधी, नंतर नाही. ज्या कोर्टात केस चालली त्याच्या क्लार्ककडे जायचं, केस नंबर नसेल तर नाव, जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष द्यायचं, आणि डिस्पोझिशनची, म्हणजे निकालाच्या कागदाची, शिक्का मारलेली सर्टिफाइड कॉपी मागायची. एक नको, चार-पाच घ्या, ग्रीन कार्डला एक लागते, सिटिझनशिपला एक लागते, वकिलाला एक जाते, आणि इंटरव्ह्यूला ऑफिसर ओरिजिनल ठेवून घेतो मग परत बसा बोंबलत. सोबत मूळ कंप्लेंट, प्लीचा कागद, शिक्षेचा ऑर्डर, फाइन भरल्याची पावती आणि प्रोबेशन (देखरेखीखालची मुदत) असेल तर ते संपल्याचं पत्र, हे सगळं घ्या आणि स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

कारण सील झाल्यावर तोच क्लार्क म्हणतो आमच्याकडे असं काही रेकॉर्डच नाही. बरोबरच आहे त्याचं, तुम्हीच तसा ऑर्डर मिळवलेला असतो. पण तिकडे इमिग्रेशन म्हणतं की ठशांवरून आम्हाला अटक दिसतेय, निकालाचा कागद आणा. मग सील उघडण्यासाठी जज्जकडे नवीन अर्ज. ही फजिती इतकी सहज टाळता येते की दुसऱ्यांना झालेली बघूनही वाईट वाटतं.

आणि आता काही राज्यांत सील आपोआप होतं, तुम्ही काहीच न करता आणि कोणी न कळवता. त्यामुळे सील करायचा विचार नसला तरी कागद आजच काढून ठेवलेले बरे.

इमिग्रेशनचं गणित, हे सावकाश वाचा

तुम्ही सिटिझन असाल तर हा भाग सोडून द्या. एच-१बी, एफ-१ असा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर सोडू नका.

१९९६ पासून इमिग्रेशन कायद्यात कन्व्हिक्शनची, म्हणजे दोषी ठरण्याची, स्वतःची व्याख्या आहे. तुम्ही गुन्हा कबूल केला असेल किंवा कोर्टाने दोषी धरलं असेल, आणि त्यावर काहीही शिक्षा झाली असेल, प्रोबेशन, क्लास, कम्युनिटी सर्व्हिस काहीही, तर ते कन्व्हिक्शन. मग राज्याने नंतर केस डिसमिस केली, एक्सपंज केली म्हणजे रेकॉर्डमधून काढून टाकली, काहीही केलं तरी त्यांच्या लेखी ते तसंच राहतं. १९९९ मधे इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने एका निकालात हेच सांगितलं आणि आजही साधारण तोच धरला जातो. म्हणून "सहा महिने नीट वागा, केस गायब होईल" असली डील समोर आली की पहिला प्रश्न हा विचारायचा की यात मला गिल्टी म्हणावं लागणार आहे का.

जर्सीतलं उदाहरण देतो कारण इथे आपली माणसं हमखास फसतात. म्युनिसिपल कोर्टात पहिल्याच छोट्या गुन्ह्याला कंडिशनल डिसमिसल नावाची सोय आहे, ऐकायला गोड आहे, पण त्यात आधी गिल्टी प्ली किंवा दोषी ठरणं लागतंच आणि मग ती बाजूला ठेवून ठेवतात. राज्याच्या हिशोबाने केस डिसमिस, इमिग्रेशनच्या हिशोबाने कन्व्हिक्शन. याउलट वरच्या कोर्टातल्या मोठ्या चार्जसाठी पीटीआय (प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, खटल्याऐवजी देखरेखीखालचा प्रोग्राम) असतं आणि त्यात बहुतेक वेळा प्ली लागत नाही, म्हणजे मोठा चार्ज असून निकाल जास्त सेफ! टेक्ससचं डिफर्ड अॅडज्युडिकेशन आणि फ्लोरिडाचं अॅडज्युडिकेशन विथहेल्ड, ज्यांत कोर्ट दोषी ठरवणं लांबवतं किंवा राखून ठेवतं, यांचीही गोष्ट कंडिशनल डिसमिसलसारखीच, लोकल वकील सांगतो की हे कन्व्हिक्शन नाही, आणि राज्यापुरतं तो खरं बोलतोय. पेनसिल्व्हेनियात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्या केसला एआरडी नावाचा खटल्याऐवजीचा प्रोग्राम मिळतो, त्यात सहसा प्ली नसते, ते बरं पडतं.

फॉर्मवर काय लिहायचं? खरं. सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर स्पष्ट छापलंय की रेकॉर्ड सील असो, एक्सपंज असो, किंवा जज्ज, पोलीस, वकील कोणीही तुम्हाला रेकॉर्ड राहिलं नाही असं सांगितलेलं असो, तरी सांगा. व्हिसाच्या डीएस-१६० वर तर नुसती अटक झाली होती का एवढंही विचारतात. शॉपलिफ्टिंगच्या एका जुन्या केसने कदाचित काही बिघडणार नाही, पण "नाही" ला टिक केलं आणि ठशांवरून सापडलं की ते खोटं बोलणं होतं, आणि खोटं बोलणं हे मूळ केसपेक्षा कितीतरी भारी पडतं.

शॉपलिफ्टिंगबद्दल अजून थोडं, कारण सेल्फ-चेकआउट आल्यापासून या केसेस घरोघरी व्हायला लागल्यात, भेटायला आलेल्या आई-वडिलांवरसुद्धा. चोरी ही इमिग्रेशनमधे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत मोडते, नाव ऐकूनच घाम फुटतो. पण एकच छोटी केस असेल तर त्याला एक सूट आहे, गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षाच्या वर नसावी आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांच्या वर झालेली नसावी. जर्सीत २०० डॉलरच्या आतली शॉपलिफ्टिंग ही डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स, म्हणजे छोटा गुन्हा, कमाल सहा महिने, त्यामुळे या सवलतीत बसू शकते. २०० च्या वर गेली की ती कमीत कमी फोर्थ डिग्री क्राइम होते आणि मग गणित बदलतं. आणि ही सूट तुम्हाला सिद्ध करावी लागते, कशावरून, तर त्याच सर्टिफाइड कागदावरून. म्हणून एवढं कागद कागद करतोय.

ड्रंक ड्रायव्हिंगचं वेगळंच. २०१५ पासून स्टेट डिपार्टमेंट गेल्या पाच वर्षांत अशी अटक झालेली दिसली तर व्हिसा रद्द करू शकतं, निकाल लागायच्याही आधी. अमेरिकेत राहताना लगेच फरक पडत नाही, पण पुण्याला गेलात की नवीन व्हिसा स्टॅम्पिंगशिवाय परत येता येत नाही, मुंबईच्या कॉन्सुलेटला जा, मेडिकल तपासणी करा, आणि बसा वाट बघत. इथे सीलिंगचा काडीचा उपयोग नाही. गांजाचंही तसंच, राज्यात लीगल झाला, जुन्या केसेस राज्याने स्वतःहून एक्सपंज केल्या, पण फेडरल कायद्यात तो अजून ड्रगच आहे, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनी या बाबतीत वकिलाशिवाय तोंडही उघडू नये.

इमिग्रेशनमधून कन्व्हिक्शन खरंच जाण्याचा रस्ता म्हणजे मूळ केसमधेच कायदेशीर चूक होती म्हणून ती रद्द करून घेणं. २०१० मधे सुप्रीम कोर्टाने पडिया विरुद्ध केंटकी या केसमधे म्हटलं की प्ली घ्यायच्या आधी डिपोर्टेशनचा धोका सांगणं हे वकिलाचं काम आहे. तुमच्या वकिलाने सांगितलंच नव्हतं तर त्या मुद्द्यावर बोलता येतं, कॅलिफोर्नियात यासाठी २०१७ पासून वेगळं कलम आहे, १४७३.७. हे काम मात्र घरी बसून फॉर्म भरायचं नाही, चांगला वकील लागतो.

आता राज्यं

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, शब्दही वेगळे. एका राज्यात एक्सपंजमेंट म्हणतात आणि कागद फक्त बाजूला ठेवतात, दुसऱ्यात सील म्हणतात, तिसऱ्यात नॉनडिस्क्लोजर. चुलतभावाने टेक्ससमधे काय केलं त्यावरून जर्सीत काही ठरवू नका. आणि केस ज्या राज्यात झाली तिथला कायदा लागतो, तुम्ही आता राहता तिथला नाही.

न्यू जर्सी: केस डिसमिस झाली किंवा सुटलात तर थांबायची गरज नाही, लगेच अर्ज करा. कंडिशनल डिसमिसल किंवा पीटीआय झालं असेल तर त्यानंतर सहा महिने. कन्व्हिक्शनला साधारण पाच वर्षं, एक मोठी केस आणि तीन छोट्यापर्यंत, किंवा मोठी नसेल तर पाच छोट्यापर्यंत. काही परिस्थितीत यापेक्षा लवकरही मागता येतं पण कारण पटवून द्यावं लागतं. यापेक्षा जास्त केसेस असतील तर २०१९ च्या डिसेंबरमधे सही झालेल्या क्लीन स्लेट कायद्याखाली शेवटच्या केसनंतर दहा वर्षांनी एका अर्जात सगळं घेता येतं, अर्थात खून, अपहरण, दरोडा, लैंगिक अत्याचार असले गुन्हे सोडून. त्या कायद्यात ऑटोमॅटिक सिस्टीमचंही लिहिलंय, पण तिच्या भरवशावर बसू नका, अर्ज करा. फाइलिंगची फी नाही, कोर्टाच्या ऑनलाइन सिस्टीममधून स्वतः भरता येतो.

आणि जर्सीत ड्रंक ड्रायव्हिंग एक्सपंज होतच नाही. का, तर इथे तो क्राइमच नाही, ट्रॅफिकचा गुन्हा आहे, आणि ट्रॅफिक एक्सपंजमेंटच्या बाहेर. क्राइम नाही म्हणून आनंद मानायचा की कायमचं चिकटलं म्हणून दुःख, ठरवा तुम्हीच.

न्यूयॉर्क: इथे २०२४ च्या १६ नोव्हेंबरपासून क्लीन स्लेट सुरू झालाय. मिसडिमिनर (छोटा गुन्हा) शिक्षेनंतर किंवा सुटकेनंतर तीन वर्षांनी आणि फेलनी (मोठा गुन्हा) आठ वर्षांनी आपोआप सील, मधे नवीन कन्व्हिक्शन नको आणि प्रोबेशन-परोल चालू नको. लैंगिक गुन्हे यात नाहीत, आणि ड्रगच्या सोडून बाकीच्या क्लास ए, म्हणजे सगळ्यात गंभीर, फेलनीही नाहीत. पण जुन्या केसेस शोधून सील करायला कोर्टांना तीन वर्षं दिलीत, म्हणजे २०२७ चा नोव्हेंबर. तोपर्यंत घाई असेल आणि दहा वर्षं झाली असतील तर १६०.५९ कलमाखाली स्वतः अर्ज करता येतो, दोनच कन्व्हिक्शन, त्यात फेलनी जास्तीत जास्त एक. केस डिसमिस झालेली असेल तर ती १६०.५० खाली तेव्हाच सील व्हायला हवी होती, पण व्हायला हवी होती आणि झाली यात फरक आहे, वर सांगितलेलं रेकॉर्ड मागवा आणि बघा.

पेनसिल्व्हेनिया: आपोआप सीलिंग करणारं हे पहिलं राज्य, कायदा २०१८ चा आणि मशीन चालू झालं २०१९ च्या जूनला. फिलाडेल्फियाच्या कम्युनिटी लीगल सर्व्हिसेसने यासाठी खूप काम केलंय, त्यांच्यासारख्यांकडे फुकट मदत मिळते, लाजू नका. मागाहून २०२३ मधे कायदा वाढवला, मिसडिमिनरची मुदत दहावरून सात वर्षं झाली.

कॅलिफोर्निया: इथे ज्याला सगळे एक्सपंजमेंट म्हणतात ते १२०३.४ कलम, प्ली मागे घेऊन केस डिसमिस करतात, फॉर्म सीआर-१८०. रेकॉर्ड गायब होत नाही, त्यावर डिसमिस असं लागतं, एवढंच. सरकारी लायसन्स, निवडणुकीतलं पद आणि गंमत म्हणजे राज्याच्या लॉटरीचं कंत्राट, यासाठी तरीही सांगावं लागतं. नुसती अटक झाली आणि कन्व्हिक्शन नाही तर ती ८५१.९१ खाली खरोखर सील होते. नोकरीचं म्हणाल तर पाच किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला इथे ऑफर द्यायच्या आधी कन्व्हिक्शनबद्दल विचारताच येत नाही.

टेक्ससमधे सुटलात किंवा डिसमिस झाली तर एक्सपंक्शन, ते पक्कं असतं, डिफर्ड असेल तर नॉनडिस्क्लोजर, जे पोलिसांना आणि बऱ्याच सरकारी बोर्डांना दिसत राहतं. फ्लोरिडात आयुष्यात एकदाच संधी, आधी राज्याच्या पोलीस खात्याकडून पात्रतेचं सर्टिफिकेट घ्यायचं, ७५ डॉलर, त्यामुळे छोट्या केसवर ती उडवू नका. इलिनॉयमधे ड्रंक ड्रायव्हिंगला सुपरव्हिजन (देखरेखीवर सोडणं) मिळालं तरी ते सील होत नाही. मिशिगनमधे उलट, २०२२ पासून पहिली दारूची केस काढून टाकायला अर्ज करता येतो. मॅसॅच्युसेट्समधे मिसडिमिनरला तीन आणि फेलनीला सात वर्षं, आणि कन्व्हिक्शनचा अर्ज चक्क पोस्टाने प्रोबेशन कमिशनरकडे पाठवता येतो.

फेडरल कोर्टात केस झाली असेल, म्हणजे एअरपोर्ट, नॅशनल पार्क वगैरे, तर वाईट बातमी, तिथे सर्वसाधारण एक्सपंजमेंटचा कायदाच नाही.

अर्ज टाकताना

सगळ्या केसेस लिहा, दुसऱ्या गावातल्या आणि डिसमिस झालेल्यासुद्धा. एक जरी राहिली तरी प्रॉसिक्युटर (सरकारी वकील) हरकत घेतो. नावाचं स्पेलिंग हा आपला खास प्रॉब्लेम, कोर्टात वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून लागलेलं, पासपोर्टवर आडनाव वेगळं, लग्नानंतर बदललेलं, तर सगळी रूपं अर्जात द्या म्हणजे ऑर्डर सगळ्यांना लागू होईल. जज्जची सही झाली म्हणजे संपलं असंही नाही, ऑर्डर पोलीस, जेल, प्रॉसिक्युटर सगळ्यांपर्यंत पोचून त्यांनी तो अमलात आणावा लागतो. जर्सीत यात एवढा उशीर व्हायला लागला की २०२३ मधे पब्लिक डिफेंडरच्या (सरकारी बचाव वकिलांच्या) ऑफिसने स्टेट पोलिसांवर केस केली. तेव्हा नवीन नोकरीच्या जॉइनिंगच्या आदल्या महिन्यात अर्ज टाकून उपयोग नाही.

ऑर्डर आल्यावर

ऑर्डरच्याही सर्टिफाइड कॉप्या घ्या. काही महिन्यांनी एफबीआयचं रेकॉर्ड परत मागवा, कारण तिथली नोंद राज्याने कळवल्यावरच बदलते आणि कळवणं राहून जातं. प्रायव्हेट नोकरीच्या फॉर्मवर बहुतेक राज्यांत तुम्ही आता कायदेशीरपणे "नाही" लिहू शकता. पण पोलीस किंवा कोर्टातली नोकरी, नर्सिंग-मेडिकल-वकिलीचं लायसन्स, यांचे प्रश्न शब्द न् शब्द वाचा, तिथे सील झालेलंही बऱ्याचदा विचारतात. ग्लोबल एंट्री, म्हणजे एअरपोर्टवर झटपट सोडणारी सोय, तिथलेही बघतात, लपवलं तर कार्ड गेलंच.

राहिल्या बॅकग्राउंड चेकच्या कंपन्या. यांनी कोर्टाचा डेटा कधीतरी विकत घेऊन ठेवलेला असतो आणि तुमचा ऑर्डर त्यांच्यापर्यंत आपोआप जात नाही. सील झालेली केस रिपोर्टमधे आली तर नोकरी देणाऱ्याकडून रिपोर्टची कॉपी मागा, नकार आला असेल तर ६० दिवसांत मागितल्यास कंपनीला ती फुकट द्यावीच लागते, मग लेखी डिस्प्यूट टाका, सोबत ऑर्डरची कॉपी जोडा, ३० दिवसांत तपासून दुरुस्त करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. फोनवर बोलून सोडू नका, ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्ट, आणि एचआरला त्याच दिवशी कळवा की डिस्प्यूट टाकलाय, निकाल येईपर्यंत थांबा. बहुतेक एचआरवाले थांबतात, त्यांनाही चुकीच्या रिपोर्टवर माणूस नाकारून लफडं नको असतं.